मागची बाजू

पूर्णिमाने चकती पालथी केली, तिच्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि पॉलिश पेपर लावण्याआधी पुन्हा एकदा भिंग डोळ्याशी नेलं. ओरखडे मागच्या महिन्यात जिथे होते तिथेच होते. त्याच्या आधीच्या महिन्यातही तिथेच होते. दोन्ही वेळा तिने ते तळापासून काढले होते, चकती आरशासारखी करून दिली होती, आणि दोन्ही वेळा ती अशीच परत आली होती.

चकती पितळेची, गळ्यात घालायची. पुढच्या बाजूला पूर्णिमानेच हातोडीने ठोकून उमटवलेलं नाव होतं, 'गोविंदराव', आणि त्याखाली त्यांच्या मुलाचा फोन नंबर. आकड्यांचे ठसे विकत मिळाले होते. देवनागरीचे मिळाले नव्हते. सरळ आणि वाकड्या टोकांचे ठसे जुळवून ती एकेक अक्षर बसवायची, त्यामुळे तिचा 'व' दुसऱ्या कुणाच्या हातून उमटला नसता. इथे आखातात, अल रय्यानमधल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, एका पोलादी ठोकळ्यावर, गेली काही वर्षं तिचं हेच चाललं होतं. बाळांच्या नावांची पदकं, किल्ल्यांना लावायच्या चकत्या, मैत्रिणींनी मैत्रिणींना द्यायची कडी. वापरून मळलेलं काही आलं तर तेही ती घासून द्यायची.

खरं तर घासण्याआधीचा वेळ तिला जास्त आवडायचा. किल्ल्यांच्या जुडग्यात राहिलेल्या चकतीवर चहूबाजूंनी उलटसुलट रेघा असतात. बाळाच्या पदकाच्या कडेला दातांचे बारके खळगे असतात. रोज लॅपटॉपवर टेकणाऱ्या कड्याची फक्त खालची बाजू मंद पडते. दागिना दिवसभर कुठे असतो, कशाला लागतो, हे त्याच्या अंगावर असतं आणि तिला ते दिसायचं. मग ती ते पुसून टाकायची.

या चकतीचं मात्र काही जुळत नव्हतं. पुढची बाजू जवळजवळ स्वच्छ होती. शर्टाला घासून यावा तेवढाच मंदपणा. मागच्या बाजूला खालच्या कडेशी ओरखड्यांचा झुबका. सगळे कमानीसारखे, सगळे एकाच अंगाला वळलेले, सुरुवातीला खोल आणि पुढे विरत गेलेले.

"पुन्हा तीच?" अवधूत चहाचा कप घेऊन दारात उभा होता. रास लफानच्या गॅस प्रकल्पात पाइप आणि टाक्या तपासण्याची त्याची नोकरी. शिफ्टची सुट्टी लागली की तो घरभर फिरून जे दिसेल ते तपासायचा.

"तीच."

"म्हातारे गृहस्थ नखाने खाजवत बसत असतील."

"नखाने पितळेवर एवढं खोल जातं?"

"मग जॅकेटची झिप."

"झिप असती तर उभ्या रेघा असत्या. हे बघ. काहीतरी कडक लागतं आणि चकती झोका घेऊन सुटते. दर वेळी त्याच जागी."

अवधूतने कप खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगातून पाहिलं. पाहता पाहता त्याचा चेहरा ऑफिसातला झाला.

"रिपीटेड कॉन्टॅक्ट," तो म्हणाला. "आमच्याकडे असं दिसलं तर म्हणतो, पाइपला कुठलातरी सपोर्ट घासतोय. ही काळी घाण कसली?"

पूर्णिमाने सुईच्या टोकाने एका ओरखड्यातून कण उकरला, कागदावर टेकवला, बोटाने दाबून पाहिला. "धूळ नाही. प्लास्टिक."

"घरात बसलेल्या माणसाच्या गळ्यात?"

"तेच तर."

"रूट कॉज सापडला की रिपोर्ट टाक. मॅनेजमेंटला कळवतो."

"आधी कप उचल तिथला. सांडशील माझ्या कागदांवर. यल्ला, चल लवकर."

तो गेल्यावर तिने घासायला घेतलं. ओरखडा काढायचा म्हणजे खरं तर तो भरून येत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं खाली आणायचं असतं. आधी जाड पेपर, एकाच दिशेने. मग त्याहून बारीक, आडव्या दिशेने, पहिल्याच्या रेघा जाईपर्यंत. मग आणखी बारीक. पाणी पिवळट होत गेलं. हात चालू असताना तिला सागर आठवत होता.

सागर म्हणजे गोविंदरावांचा मुलगा, महाराष्ट्र मंडळामुळे ओळखीचा झालेला. आई गेल्यावर त्याने वडिलांना नाशिकहून इथे आणलं होतं, लुसैलला. गोविंदरावांची आठवण तेव्हाच थोडी थोडी सुटत चालली होती. मागच्या वर्षी एका दुपारी ते खाली उतरले आणि त्या काचेच्या एकसारख्या इमारतींत आपली इमारत हरवून बसले. संध्याकाळी सापडले ते स्टेडियमच्या बाजूला, फुटपाथच्या कडेवर, चपला हातात घेऊन. सून ईशा त्या दिवशी खूप रडली, आणि रडून झाल्यावर तिने सांगून टाकलं, की बाबा एकटे बाहेर जायचे नाहीत. पुन्हा गेले तर आपल्याला झेपणार नाही, नाशिकला त्यांची सोय बघावी लागेल. एका संस्थेशी तिचं फोनवर बोलणंही झालं होतं. चकती त्यानंतरची, न जाणो म्हणून. साखळी आखूड हवी, हा ईशाचाच आग्रह; कुठे अडकायला नको. फासा मानेमागे, फिरकीचा, म्हणजे त्यांना स्वतःला काढताही येऊ नये.

या खेपेला चकती देताना सागर दारातच उभा राहिला होता.

"मागची बाजू नीट करा, वहिनी. पुढची नाही केली तरी चालेल."

"पुढे नाव आहे अरे. लोक ती बाजू चमकवून घेतात."

"नाव राहू द्या. मागचे ओरखडे दिसले की बाबांना चैन पडत नाही. खराब झाली, खराब झाली म्हणत बसतात."

"बाहेर जातात का रे ते?"

"छे," सागर म्हणाला आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकला. "घरीच असतात. ईशा असते ना."

शेवटचा हात पॉलिशच्या लाल वडीचा आणि मऊ कापडाचा. चकतीच्या पाठीत खिडकी दिसायला लागली तशी पूर्णिमा थांबली. मग तिने सागरला मेसेज केला: लुसैलला येतेच आहे, घरी देऊन जाते.

"तुझं काय काम लुसैलला?" अवधूतने विचारलं.

"साइट व्हिजिट."

मेट्रो बदलून आणि मग ट्रामने ती पोचली तेव्हा दुपार कलायला लागली होती. फेब्रुवारीचं ऊन, अंगावर घ्यावंसं वाटणारं. ईशाने कानाला हेडसेट लावूनच दार उघडलं, तोंडाने नुसतं 'सॉरी, कॉल' असं केलं, छातीला हात लावून थँक्यू म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

गोविंदराव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पांढरा शर्ट खोचलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. कुठेतरी निघायच्या आधी माणूस बसतो तसे.

"काका, तुमची चकती."

त्यांनी ती घेतली आणि सरळ पालथी केली. नावाकडे पाहिलंही नाही. उजेडाकडे तिरकी धरून त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला.

"छान. आता लागेल."

"काय लागेल, काका?"

त्यांनी खुर्चीत वळून मान पुढे केली. पूर्णिमाने साखळी घातली आणि फासा फिरवून बसवला. त्यांच्या मानेवर पावडरचा वास होता.

"येते मी," ती म्हणाली.

"अशा कशा? खालपर्यंत सोडायला येतो की."

पूर्णिमाने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. ईशाचा आवाज येत होता, कुणाला तरी आकडे समजावत होती. नको म्हणायला हवं होतं. पण गोविंदरावांनी तोवर चपला पायात सरकवल्या होत्या, आणि पूर्णिमाच्या डोळ्यांसमोर त्या कमानी होत्या.

लिफ्टमध्ये त्यांनी न चुकता बटण दाबलं.

"मी प्रेसमध्ये आहे," ते म्हणाले. "नाशिकरोडला. नोटा छापतो आम्ही."

"हो का?"

"पासाशिवाय माणूस आत नाही आणि माणूस बाहेर नाही. साहेब असो, शिपाई असो. एकदा आमचे मोठे साहेबच पास विसरले. फाटकावर उभे! मी आपला दाखवून पुढे." ते आठवून हसले, चकतीवर हात ठेवून.

खाली लॉबीच्या काचेच्या दाराशेजारी स्टीलचा एक खांब होता. त्यावर कंबरेच्या उंचीला कार्ड लावायची काळी प्लास्टिकची पट्टी, भोवती स्टीलची चौकट. आत येताना, बाहेर जाताना, दोन्हीकडे कार्ड लागायचं. त्यांच्यापुढे गळ्यात ऑफिसचा पट्टा घातलेला एक तरुण होता. त्याने कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, दार सरकलं. पूर्णिमा त्याच्या मागोमाग निघणार होती, पण गोविंदरावांनी हात आडवा करून तिला थांबवलं. दार पुन्हा बंद होऊ दिलं.

मग ते पुढे झाले. एक हात खांबावर टेकून त्यांनी गुडघे वाकवले, आणखी वाकवले, हनुवटी जवळजवळ खांबाला लागली. दुसऱ्या हाताने चकती साखळी पुरेल तेवढी ओढून त्यांनी तिची पाठ त्या काळ्या पट्टीवर घासली. चकती निसटली, स्टीलच्या चौकटीला तिची कड लागून टक् असा आवाज झाला, आणि ती झोका घेत छातीशी परत आली.

दिवा लागला नाही. दार उघडलं.

पूर्णिमाने डावीकडे पाहिलं. डेस्कमागचा सिक्युरिटी गार्ड समोरच्या स्क्रीनवर काहीतरी फार लक्षपूर्वक बघत होता. त्याचा एक हात डेस्कखाली होता.

"या," गोविंदराव दारात उभे राहून म्हणाले. "माझ्या कार्डावर या. पाहुणा चालतो."

दारासमोरच ट्रामचा थांबा होता आणि अलीकडे एक बाक. ते तिथे जाऊन बसले, तीही बसली. एक ट्राम आली, माणसं उतरली, चढली. गोविंदराव उतरणाऱ्या प्रत्येकाला नजरेने दाखल करून घेत होते. कुणी बाई लगबगीने गेली तर म्हणत, "उशीर झाला वाटतं." एका अरबी पोराने आईचा हात सोडून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान लववली.

"काका," पूर्णिमाने हळूच विचारलं, "यातली आपली बिल्डिंग कुठली?"

त्यांनी मागे वळून इमारतींकडे पाहिलं. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. त्यांना काही ओळखू आलं नाही हे तिला दिसलं. त्यांना मात्र त्याचं काही वाटलं नाही.

"कार्ड आहे ना," ते म्हणाले. "जिथे लागेल ती."

गार्ड बाहेर येऊन दारापाशी उभा होता. हात मागे, नजर रस्त्याच्या पलीकडे. आणखी एक ट्राम गेली. मग गोविंदराव उठले, "चला, सुट्टी संपली," म्हणाले आणि जिथे तो निळा गणवेश उभा होता त्या दाराकडे सरळ चालायला लागले. गार्ड त्यांच्याआधी आत सटकला. पुन्हा खांब, पुन्हा गुडघे, पुन्हा टक्. दार उघडलं. गार्डने त्यांना लिफ्टपर्यंत नेलं, आत हात घालून मजल्याचं बटण दाबलं आणि सलाम केला. गोविंदरावांनी तो घेतला.

लिफ्ट वर गेल्यावर गार्ड पूर्णिमाकडे वळला. छातीवर नाव होतं, रहमान.

"मॅडम, आप उनके घर से हैं?"

"नहीं. वो बिल्ला मैंने बनाया है."

"अच्छा! तो आप ही चमकाते हो?" तो हसला, मग आजूबाजूला पाहून त्याने आवाज उतरवला. "मैं छुट्टी पे गया था. दूसरे गार्ड ने खोला नहीं. बाबाजी रगड़ते रहे, रगड़ते रहे. फिर ऊपर जाके बोले, कार्ड खराब हो गया. चमक के आया तब तक मैं वापस आ गया था. खुल गया. अब थोड़ा भी निशान दिखा तो उनको लगता है, फिर बंद होगा."

"साहब को मालूम है?"

"नहीं, मॅडम. मत बोलिएगा. बाबाजी बेंच से आगे नहीं जाते, मैं देखता रहता हूँ. लेकिन कंपनी को पता चला तो मेरी नौकरी खलास. और साहब को पता चला तो..." त्याने बोट वर केलं आणि विमानासारखं आडवं नेलं.

परतीच्या मेट्रोत पूर्णिमाने सागरला मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. 'काका रोज खाली जातात' एवढंच वाक्य होतं. त्याच्यापुढे काय लिहावं ते तिला सुचेना, आणि तेवढंच पाठवलं तर त्याचं काय होईल ते तिला माहीत होतं.

अवधूतने सगळं ऐकून घेतलं आणि गंमत केली नाही.

"सांगायला पाहिजे, पूर्णिमा."

"सांगितलं तर पाठवतील त्यांना. मग ना बाक, ना ट्राम."

"आणि नाही सांगितलं, आणि तो रहमान एखाद्या दिवशी दार उघडून फोनवर बोलत बसला तर? पुन्हा स्टेडियम. तेव्हा उन्हाळा असेल. तुला माहीत होतं, हे तुला आयुष्यभर माहीत राहील."

ती मागच्या खोलीत गेली. डब्यातून पितळेची एक कोरी चकती काढली, गोविंदरावांच्या साखळीएवढीच आखूड साखळी लावून गळ्यात घातली आणि स्वयंपाकघरात आली. ओट्याच्या स्टीलच्या कडेशी वाकली. चकती पोचेना. गुडघे वाकवले, आणखी वाकवले. मांड्या थरथरल्या, मानेला साखळी रुतली. चकती कडेला लागली आणि झोका घेऊन सुटली.

"आता हे काय?" अवधूत म्हणाला.

"टेस्ट."

तिने चकती काढून खिडकीशी धरली. पाठीवर खालच्या कडेशी एक कमान उमटली होती. सुरुवातीला खोल, पुढे विरत गेलेली. गुडघा चोळत ती त्या कमानीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अवधूतने नाश्त्याच्या वेळी काही विचारलं नाही, पण तिचा फोन चार्जरवरून काढून तिच्या ताटाशेजारी आणून ठेवला. तिने हात धुतले आणि फोन लावला.

"सागर, त्या चकतीच्या मागच्या बाजूचं बोलायचं होतं."

पलीकडे तो गाडीत होता. थोडा वेळ नुसता इंडिकेटर वाजत राहिला.

"बोला, वहिनी."

वाक्य तिने पाठ करून ठेवलं होतं. काका खाली जातात, त्या चकतीला कार्ड समजतात, तुला माहीत असायला हवं. समोर टेबलावर कालची चकती पडली होती, तिची एकुलती एक कमान वर करून.

"ओरखडे पुन्हा येणार," ती म्हणाली. "दर महिन्याला घासायचं म्हणजे पितळ पातळ होत जाणार. एक दिवस वाकेल. मी म्हणत होते, कडेची धार घासून गोल करून देऊ का? म्हणजे लागली तरी खरवडणार नाही, घसरेल."

"लागली तरी," सागर म्हणाला.

"हो."

इंडिकेटर बंद झाला. त्याने गाडी बाजूला घेतली असावी. मागचा आवाज एकदम कमी झाला.

"करा गोल," तो म्हणाला. "आणि वहिनी, साखळी लांब करता येईल का? फार वाकावं लागतं त्यांना. रात्री गुडघ्यांना मलम चोळतो मी त्यांच्या."

पूर्णिमाने वर पाहिलं. फोनमधला आवाज अवधूतपर्यंत पोचला होता; त्याचा घास हातातच राहिला होता.

"ईशाने विचारलं तर सांगा, आखूड साखळी संपली म्हणून," सागर म्हणाला.

तिने फोन खांद्याशी धरला, मागच्या खोलीत जाऊन साखळ्यांचा डबा पुढे ओढला आणि एक टोक बोटावर घेतलं.

"लांब म्हणजे किती?"

"तुम्ही पाहिलंय ना," सागर म्हणाला. "तेवढी."